चाळिशीनंतर हळूहळू वजन कमी करताना: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे साधारण चाळीस ते साठ या वयातील स्त्री-पुरुषांसाठी आहेत. नोकरी, घर, मुलांची शिक्षणे आणि वृद्ध आईवडिलांची देखभाल हे सारे एकाच वेळी चालू असताना ज्यांना आठ-दहा किलो वजन कमी करायचे आहे, त्यांच्या अडचणी डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. प्रत्येक सल्ल्याला एकच कसोटी लावली आहे. ती गोष्ट नागपूरच्या अख्ख्या वर्षात, म्हणजे मे महिन्याच्या उन्हात, पावसाळ्यात, दिवाळीत आणि लग्नसराईतही निभावेल का? जी निभणार नाही ती कितीही गुणकारी असली तरी या वयात तिचा फारसा उपयोग होत नाही.

चाळिशीनंतर चयापचय मंदावते, म्हणूनच वजन वाढते ना?

हा समज सार्वत्रिक असला तरी तो बहुतांशी चुकीचा आहे. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचे आकारमान आणि त्यातील स्नायूंचे प्रमाण लक्षात घेतल्यास माणसाचा ऊर्जाव्यय विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो आणि साठीनंतर तो दरवर्षी सुमारे ०.७ टक्क्याने घटतो, असे त्यात आढळले. मग चाळिशीत नेमके काय बदलते? ज्या अंतरासाठी पूर्वी सायकल काढत होतो त्यासाठी आता स्कूटर निघते, कामाचे स्वरूप बैठे होते, झोप तुटते आणि स्नायू वापराअभावी हळूहळू कमी होऊ लागतात, मात्र ताटातले वाढप पंचविशीत होते तेवढेच राहते. वर्षाला अर्धा किलो वजन वाढले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही, पण वीस वर्षांत त्याचे दहा किलो होतात. इतक्या सावकाश आलेले वजन महिनाभरात उतरवण्याचा अट्टहास धरू नये.

आपले वजन खरोखर जास्त आहे का, हे कसे ओळखावे?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे अतिरिक्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानला जातो, कारण आपल्याकडे तुलनेने कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी या मर्यादा अनुक्रमे सुमारे ५९ आणि ६४ किलो येतात, तर १७० सेंटिमीटरसाठी साडेसहासष्ट आणि सव्वाबहात्तर किलो.

वजनकाट्यापेक्षाही शिंप्याची टेप अधिक खरे सांगते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता माप घ्यावे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर असेल तर हातपाय सडपातळ असले तरी लक्ष द्यायला हवे.

किती वजन, किती वेगाने कमी करावे?

पहिल्या सहा महिन्यांत सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के हे पुरेसे मोठे उद्दिष्ट आहे. ८० किलोच्या व्यक्तीसाठी ते चार ते आठ किलो होते. आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा वेग पुष्कळ झाला. एखाद्या आठवड्यात काटा जागचा हलला नाही तरी त्यामुळे काही बिघडत नाही. त्याहून फार वेगाने वजन उतरवल्यास चरबीबरोबर स्नायूही जातात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

एवढ्याने काय होणार, असे वाटणाऱ्यांसाठी दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सात टक्के वजन कमी करणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम करणे एवढेच ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात आहार-व्यायाम बदललेल्या गटात ही घट २८.५ टक्के होती, आणि विशेष म्हणजे त्यांच्या वजनात फारसा फरक पडलेला नव्हता. काट्यावर दिसण्याआधीच सवयी आत आपले काम करत असतात, हे निराश होऊन सारे सोडून देणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

मग तर्री पोहे कायमचे सोडायचे का?

सोडू नका. नागपुरात राहून तर्री पोह्यांचे नाव टाकण्याची प्रतिज्ञा फार तर तीन आठवडे टिकते आणि मोडली की तिच्याबरोबर बाकीचे सगळे नियमही मोडतात. प्लेटमध्ये नेमके काय आहे ते पाहिले तर मार्ग सापडतो. पोहे स्वतः अपराधी नाहीत, आणि तर्रीतले चणे तर हितकारकच आहेत. वजन वाढवतो तो तर्रीवरचा लाल तवंग, वर पसरलेला मूठभर चिवडा आणि ‘आता आलोच आहे तर’ म्हणून सोबत घेतलेला समोसा किंवा आलुबोंडा. चणे जास्त आणि वरचे तेल कमी घालायला सांगावे, चिवडा नको म्हणावे आणि तळलेला पदार्थ वेगळ्या दिवसासाठी ठेवावा. आठवड्यातून एकदा अशी प्लेट खाणाऱ्याचे वजन त्या प्लेटमुळे वाढत नाही.

सावजी जेवणाचेही तसेच आहे. महिन्यातून एखाद्या वेळी जावे, रस्सा वाटी कलंडवून पिण्याऐवजी भाकरीला लावून खावा आणि दुसऱ्यांदा रस्सा मागवू नये. आपल्याकडे ‘रस्सा तर फुकटच वाढतात’ या एका कारणाने किती तेल पोटात जाते याचा विचार कोणी करत नाही.

खरा हिशेब मात्र घरच्या तेलाच्या डब्याचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. चार मोठ्या माणसांच्या घरात हे महिन्याला साधारण सव्वातीन किलो होते, आणि त्यात तूप, लोणीही आले. तुमच्या किराण्याच्या यादीत याच चार माणसांसाठी पाच किलोचा डबा आणि वर एक-दोन पाकिटे असतील, तर कोणत्या पदार्थाला दोष द्यावा हा वाद घालण्याची गरजच उरत नाही. डब्यातून थेट कढईत धार धरण्याऐवजी चमच्याने मोजून तेल घ्यावे. एका लहान चमच्यात ५ ग्रॅम तेल आणि ४५ कॅलरी असतात. सकाळच्या आणि रात्रीच्या भाजीत मिळून माणशी दोन चमचे कमी झाले तर दिवसाच्या ९० कॅलरी ताटातला एकही पदार्थ न बदलता वाचतात.

पोळीऐवजी ज्वारीची भाकर खाल्ली तर वजन उतरते का? भात बंद करावा का?

तेवढ्या पिठाची ज्वारीची भाकर आणि गव्हाची पोळी यांच्या कॅलरींत लक्षणीय अंतर नसते. भाकरीला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि एक-दीड भाकरीत पोट भरते, हा तिचा खरा फायदा. तीच भाकर लोण्याचा गोळा आणि तेलात परतलेला ठेचा यांच्यासह तीन-तीन खाल्ली तर तो फायदा कुठल्या कुठे जातो.

भात बंद करण्याची गरज नाही, त्याची जागा लहान करावी. अर्धे ताट भाज्या आणि कोशिंबीर, पाव ताट वरण, उसळ, अंडी किंवा मासे, आणि उरलेले पाव ताट भात किंवा भाकर अशी मांडणी पुरेशी आहे. वांग्याचे भरीत, डाळ घातलेली पालकाची पातळ भाजी, अंबाडी, मेथी असे आपले रोजचे पदार्थ या ताटात सहज बसतात. गोळाभात आणि वडाभात मात्र वरून घालायच्या गरम फोडणीसकट सणावाराचे समजावेत. डाळभाताच्या नेहमीच्या जेवणाशी त्यांची गाठ घालू नये.

या वयात प्रथिनांकडे होणारे दुर्लक्ष महागात पडते, कारण वजन उतरताना स्नायू टिकवायचे असतात. प्रौढांसाठी किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे, म्हणजे ६५ किलोच्या व्यक्तीला सुमारे ५४ ग्रॅम. पातळ वरणाच्या एका वाटीवर हे भागत नाही. दोन्ही जेवणांत घट्ट वरण किंवा उसळ, शिवाय दही किंवा ताक, आणि चालत असतील तर एक-दोन अंडी, असे ठरवूनच घ्यावे लागते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत योग्य आहे का?

महाराष्ट्रात ही पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे घरोघरी पोहोचली असली तरी तिचे मूळ नागपूरचेच आहे, कारण दीक्षितांना ती नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीतून मिळाली. कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण आणि जोडीला रोज ४५ मिनिटे चालणे, असे तिचे सूत्र आहे. मधल्या वेळचे फरसाण, बिस्किटे आणि साखरेचा चहा एका फटक्यात बंद होत असल्याने अनेकांचे वजन तिने उतरते. माझ्या मते तिचे यश मुख्यतः याच काटछाटीत आहे. ज्यांच्या कामाच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि ज्यांना दोन जेवणांत खरोखर समाधान मिळते त्यांनी ती जरूर चालवावी. दोनच वेळा जेवायचे म्हणून जे ताट दुप्पट भरतात, किंवा दुपारपर्यंत चिडचिड करून रात्री ताबा सोडतात, त्यांनी तीन बेताची जेवणे घ्यावीत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्यांनी जेवणाच्या वेळा परस्पर बदलू नयेत, साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

उपवासाने वजन कमी होते का?

साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि तळलेले बटाट्याचे पापड खाऊन केलेल्या उपवासाने होत नाही. श्रद्धेने उपवास करावा, पण तो वजनाच्या खात्यात मांडू नये.

चहा किती घ्यावा?

चहा नव्हे, साखर मोजावी. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर होते. मिसळलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमपर्यंत असणे उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. एकदम बिनसाखरेचा चहा सुरू केलेले लोक आठवडाभरात परत येतात. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला तर जिभेला फारसे कळत नाही. उन्हाळ्यात उसाचा रस, लस्सी आणि बाटलीबंद शीतपेये यांचीही गणना यातच होते. तहानेला पाणी, ताक किंवा अगदी थोड्या गुळाचे पन्हे घ्यावे. संत्री मात्र फोडी करून खावीत, त्यांचा रस काढू नये, कारण तीन-चार संत्र्यांचा रस आपण एका दमात पितो आणि तेवढी संत्री एका बैठकीत कोणी खात नाही.

किती चालावे, कुठे चालावे आणि मे महिन्यात काय करावे?

आठवड्याला किमान १५० मिनिटे दमदार चालणे, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. या दुसऱ्या भागाकडे आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. त्यासाठी जिमची वर्गणी भरलीच पाहिजे असे नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या खांद्यापर्यंत उचलणे, हे घरच्या घरी होते.

जागेची नागपुरात वाण नाही. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सचा चढ, सिव्हिल लाइन्सचे झाडीचे रस्ते, महाराजबाग, रेशीमबागेचे मैदान, यांपैकी काहीतरी बहुतेकांच्या आवाक्यात असते. अडचण पोहोचण्याचीच असेल तर आपल्या गल्लीतच फेऱ्या माराव्यात, कारण गाडी काढून चालायला जावे लागणारी योजना पहिल्याच पावसात बंद पडते. मेट्रोने कामावर जाणाऱ्यांनी एक स्टेशन आधी उतरून पाहावे. अर्ध्या तासाच्या चालण्यात साधारण सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात आणि परतताना घेतलेला एक समोसा त्याहून जास्त देतो. सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे घोळके अनेकदा ज्या ठेल्यापाशी विसर्जित होतात, तो ठेला पाहता हे सांगणे भाग आहे.

उन्हाळ्याची तयारी मार्चमध्येच करावी. या शहराने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान पाहिले आहे. अशा दिवसांत ‘रोज तासभर चालीन’ हा निश्चय आरोग्याला अपायच करील. मे महिन्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पाच ते सव्वासहा ही वेळ धरावी. ते जमत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे गच्चीवर किंवा घरातच चालावे आणि स्नायूंच्या व्यायामाचे दोन दिवस तीन करावेत. जेवणानंतरच्या या चालण्याने रक्तातील साखरही फार चढत नाही. उन्हाळ्यात चालणे निम्म्यावर आले तरी हरकत नाही, ते शून्यावर येता कामा नये, कारण एकदा सुटलेले चालणे थेट दिवाळीनंतरच सुरू होते असा पुष्कळांचा अनुभव आहे.

गुडघे दुखतात, मग चालावे कसे?

वजन एक किलोने कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो, असे गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवरील अभ्यासात दिसले आहे. म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनीच वजनाचा विचार आधी करावा. सुरुवात सपाट जमिनीवर दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्यांनी करावी, बसून पाय सरळ करण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत आणि सेमिनरी हिल्सचा चढ पुढच्या वर्षासाठी ठेवावा. गुडघ्याला सूज असेल तर आधी तपासणी करावी.

पाळी जाण्याच्या सुमारास पोट का सुटते?

इस्ट्रोजेनचे प्रमाण घटू लागले की मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. त्याच काळात रात्री अंगातून वाफा निघणे, घाम आणि तुटक झोप यांमुळे दुसऱ्या दिवशी गोड खावेसे वाटते आणि हालचाल कमी होते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, त्यामुळे हा बदल पन्नाशीच्या आधीच सुरू झालेला असतो. स्नायूंचा व्यायाम या काळात औषधाइतका महत्त्वाचा आहे आणि तो हाडांसाठीही उपयोगी पडतो.

याखेरीज एक घरगुती कारण आहे, ज्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. घरातली बाई शेवटी जेवते आणि पातेल्यात उरलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, तळाशी राहिलेला शिरा ‘वाया जाऊ नये’ म्हणून संपवते. आपले ताट सर्वांबरोबर आणि एकदाच वाढून घ्यावे, उरलेले फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी थोडे कमी शिजवावे. एवढा बदल करायचा तर घरातल्या बाकीच्यांनाही थोडे हलावे लागते, आणि तेलाचा डबा किंवा जेवणाची वेळ बदलण्याचा निर्णय एकट्या तिच्यावर सोडणे अन्यायाचे आहे.

लग्नसराई, दिवाळी आणि हुरडा पार्ट्यांत काय करावे?

वर्षात असे पंधरा-वीस दिवस येणारच, ते खुशाल साजरे करावेत. नुकसान त्या दिवसांपेक्षा पंधरा दिवस पुरणाऱ्या डब्यांनी होते. चिवडा-लाडू लहान वाटीत काढून घेऊन डबा वर ठेवावा, मिळालेल्या संत्रा बर्फीचा एक तुकडा चवीने खाऊन खोका ऑफिसात न्यावा, आणि लग्नाच्या पंगतीनंतरचे पुढचे जेवण नेहमीसारखेच जेवावे. ‘काल फार झाले’ म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहिल्यास संध्याकाळी पुन्हा तोच प्रकार होतो.

नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात?

एकवीस दिवसांचा आकडा सगळीकडे ऐकू येतो, पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागल्याचे आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत असल्याचे दिसले. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही, हेही त्यातच आढळले. नवी गोष्ट एखाद्या जुन्या, न चुकणाऱ्या कामाला जोडावी. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत खुर्चीचा व्यायाम, रात्रीची भांडी आवरली की गच्चीवर पंधरा मिनिटे, असे ठरवल्यास रोज नव्याने मनाची तयारी करावी लागत नाही. एका वेळी दोनच बदल हाती घ्यावेत.

तीन महिने छान उतरले आणि आता काटा अडकला आहे. का?

शरीर हलके झाले की त्याचा रोजचा खर्चही कमी होतो आणि भूक वाढते, त्यामुळे असा टप्पा प्रत्येकाला येतो. याच सुमारास मोजमापही नकळत सैल होते. आठवडाभर जे तोंडात जाईल ते सारे, मुलाच्या ताटातल्या दोन घासांसकट, वहीत लिहून काढावे. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर करावे, कारण खारट जेवणाच्या दुसऱ्या दिवशी पाण्यामुळेच किलोभर वाढ दिसू शकते. कमरेचा घेर उतरत असेल तर काट्याकडे महिनाभर दुर्लक्ष केले तरी चालेल.

आठवड्याला घ्यायच्या नव्या इंजेक्शनांबद्दल काय?

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही औषधे परिणामकारक आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर वर्षभरात कमी झालेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे अभ्यासात दिसले आहे. त्यामुळे ती घेणाऱ्यांनाही तेल, ताट आणि चालणे यांचा विचार करावाच लागतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

काहीही न बदलता सहा-बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन आपोआप उतरले तर आनंद मानू नये, तपासणी करावी. सतत थकवा, बद्धकोष्ठता आणि थंडी सहन न होणे ही थायरॉइडची, तर जोरात घोरणे आणि दिवसा पेंग येणे ही झोपेत श्वास अडखळण्याची लक्षणे असू शकतात. छातीत दुखत असेल, हृदयविकार किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील तर व्यायाम वाढवण्याआधी विचारावे, कारण वजन उतरू लागल्यावर रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्यांची मात्राही बदलावी लागते. तिशीच्या पुढील सर्वांसाठी रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते, आणि पुढील उपचारांसाठी मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स ही नागपूरची सरकारी रुग्णालये आहेतच.

कमी झालेले वजन टिकवायचे कसे?

अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या एका नोंदवहीत, किमान साडेतेरा किलो वजन कमी करून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांच्या सवयी टिपल्या आहेत. त्यांच्यातील बहुसंख्य लोक रोज सरासरी तासभर हालचाल करतात, सकाळची न्याहारी चुकवत नाहीत, टीव्ही कमी पाहतात आणि आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. आपल्यासाठी यातली शेवटची सवय सर्वांत सोपी आहे. गाठलेल्या वजनाच्या वर दोन किलो ही आपली सीमा ठरवून ती कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी, आणि काटा तिथे पोहोचला की सण कोणताही असो, त्याच आठवड्यापासून तेल चमच्याने मोजणे आणि वहीत लिहिणे पुन्हा सुरू करावे.